हिंदुरावांच्या नावाचं पान

दुपारचा एक वाजून गेला तरी कावळा आला नाही, तेव्हा आनंदीबाईंनी आधी आभाळाकडे रागानं पाहिलं आणि मग दिराकडे.

बालेवाडीतल्या त्यांच्या तीन मजली घराच्या गच्चीवर, कठड्यावर, हिंदुरावांच्या नावाचं पान मांडलं होतं. पितरांचा पंधरवडा आणि नवऱ्याची तिथी. पत्रावळीवर वरणभात, तांदळाची खीर, उडदाचे वडे, गवारीची भाजी, सगळं साग्रसंगीत. खाली भावकीतली चौदा माणसं पोटावर हात ठेवून बसली होती. कावळ्यानं घास घेतल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही, ही रीत. पण कावळा यायचा कुठून? ज्वारीच्या रानात आता बावीस-बावीस मजल्यांचे टॉवर उभे राहिले होते. कबुतरं मात्र ढीगभर होती, पण हिंदुराव कबुतर होऊन येतील असं कुणालाच वाटत नव्हतं.

"दादाची कायतरी इच्छा ऱ्हायलीय वैनी," पोपटराव म्हणाले.

"ऱ्हायली असंल. त्यांची एकच इच्छा कायम ऱ्हायची. माझ्यासमोर शेवटचं वाक्य बोलायची."

"चेष्टा नाय वैनी. हितं गच्चीवर तुमी ते गोरं जोडपं ठिवलंय. दादाच्या जमिनीवर परकी माणसं! माझा चेतन लग्न करून दुसऱ्याच्या घरात भाड्यानं ऱ्हातोय, अन् सख्ख्या चुलत्याची खोली बेल्जमला! दादाला पटंल का?"

म्हणजे गाडी शेवटी तिथंच आली. योरिस आणि एल्के हे बेल्जियमचं जोडपं महिन्यापूर्वी हिंजवडीतल्या कंपनीत कामाला आलं आणि गच्चीवरच्या दोन खोल्यांत राहू लागलं. एल्केची दुसऱ्याच दिवशी आनंदीबाईंनी अलका करून टाकली. पोरं गुणाची, पण फार विचारणारी. पहिल्या दिवशी आनंदीबाईंनी त्यांच्या दाराशी थालीपिठाचं ताट झाकून ठेवलं, तर दोघं ताट घेऊन खाली आली. हे आमचंच आहे का? कुणाचं चुकून आलं नाही ना? दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आनंदीबाईंनी कॉलेजात जाणाऱ्या नातीला, संस्कृतीला, समोर उभं केलं आणि इंग्रजीतून ठणकावून सांगायला लावलं. दाराशी ठेवलेलं आपलंच असतं. विचारलं तर वाढणारणीचा अपमान होतो. गुमान खायचं आणि पानात काही टाकायचं नाही. एल्केनं ते वहीत लिहून घेतलं होतं.

"वैनी, शब्द द्या," पोपटरावांनी पुन्हा सूर लावला. "महिनाअखेर त्यांना काढते म्हणा. बघा दादा कसा येतोय ते."

आनंदीबाईंचा मुलगा रणजित भुकेनं पिवळा पडला होता. "आई, म्हणून टाक ना. म्हणायला काय जातंय?"

"माझा शब्द जातोय," आनंदीबाई म्हणाल्या.

कावळ्याला भुलवायचे उपाय सुरू झाले. रणजितनं पानावर चार गरम भजी वाढली. हिंदुरावांच्या चुलतभावाला, रामदासला, आठवलं, की त्यांना जेवणावर तंबाखू लागायची. त्यानं चुना लावून, तळहातावर मळून, चांगली चिमूटभर तंबाखू खिरीशेजारी ठेवली. तरीही आभाळ मोकळंच. दीड वाजला. सगळी भावकी गच्चीवर जमली आणि एकेक जण आनंदीबाईंकडे असं बघू लागला, जणू कावळा त्यांनीच पदराखाली दाबून धरला होता.

आनंदीबाईंनी पदर खोचला आणि कठड्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, ऐकताय का? जमीन तुमची होती, कबूल. पण ह्या घराची वीट न् वीट मी पुढं उभी ऱ्हाऊन लावून घेतलीय. वरची माणसं मी ठेवलीत. त्यांना अकरा महिन्यांचा शब्द मी दिलाय. ती ऱ्हाणार. पटत असंल तर जेवा, नसंल पटत तर ऱ्हावा उपाशी! चला रे सगळी खाली."

सगळे खाली आले. आनंदीबाई ताठ बसल्या होत्या, पण कान जिन्याकडे होते. चाळीस वर्षं ह्या माणसाला उपाशी झोपू दिलं नव्हतं. तो आज खरंच रुसला, तर? तरीही शब्द मागं घ्यायचा विचार काही त्यांच्या मनाला शिवला नाही.

वीस मिनिटांनी संस्कृती वर डोकावायला गेली आणि तिथूनच ओरडली, "आजी! पान नाहीये!"

जिना दणाणला. कठडा रिकामा! शीत नाही, पत्रावळ नाही, भजी नाहीत.

"कावळा अख्खं पान उचलीत नसतोय," रामदास हळूच म्हणाला. "अन् तंबाखूबी नेली. दादा सोता येऊन गेला."

पोपटरावांचे डोळे भरून आले. "तंबाखूबी नेली! दादाच त्यो!"

"आता कळलं?" आनंदीबाई म्हणाल्या. "भाडेकरू ऱ्हाणार. तुमच्या दादाची सही झाली. बसा जेवायला."

भावकी अशी तुटून पडली, की वाढणाऱ्यांना ताट दिसेना. पोपटराव सातव्या वड्यावर आले होते, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. पुढं एल्के. तिच्या हातात पत्रावळ, स्वच्छ धुतलेली, फडक्यानं पुसलेली, तिच्यावर चॉकलेटांचा डबा. मागं कठडा धरून येणारा योरिस. चेहरा गवारीच्या रंगाचा, आणि दर पायरीला एक उचकी.

"ही... ही दोघं कामावर गेली नव्हती?" रणजितनं विचारलं.

"आज घरूनच काम होतं म्हणे," संस्कृती म्हणाली आणि एल्केचं बोलणं ऐकता ऐकता तिचा आवाज बारीक होत गेला. "आजी, ती म्हणतेय, आज तुम्ही दारासमोर फारच मोठं पान ठेवलंत. तुमचा अपमान नको म्हणून विचारायला आले नाहीत. सगळं संपवलं. फक्त खिरीजवळची ती सुकी चटणी फार कडक होती. टाकायचं नाही, म्हणून योरिसनं एकट्यानं खाल्ली."

योरिसनं मान डोलावली आणि उचकी दिली.

पोपटराव वड्यासकट उठले. "बाटवलं! दादाचं पान बाटवलं! आता पुन्ना सैपाक, पुन्ना पान, अन् ह्यांचं सामान आत्ताच्या आत्ता खाली!"

"भावजी, आधी हातातला वडा खाली ठेवा."

पोपटरावांनी वड्याकडे पाहिलं. ठेवला नाही.

"मग गप ऐका. मी सगळ्यांसमोर म्हणलं, पटत असंल तर जेवा. ते जेवले. कुणाच्या तोंडानं जेवायचं ते त्यांचं त्यांनी ठरवलं. हयातीत कधी मला विचारून जेवले नाहीत, आता विचारतील? आजवर इतके कावळे जेवून गेले, एकाला तरी कधी विचारलं का, बाबा, तू कुठल्या गावचा? आणि कुठल्या कावळ्यानं पान धुऊन, पुसून, वर गोड ठेवून परत दिलंय? दाखवा मला!"

आनंदीबाई योरिसकडे वळल्या.

"संस्कृती, त्याला ताक दे. आणि रामदास, वर काय बघतोस? तुझी तंबाखू खाल्लीय त्यानं. पाठ चोळ त्याची."

पोपटराव आठव्या वड्यानंतर निघून गेले. आता हे गावभर डांगोरा पिटणार, हे आनंदीबाईंना पक्कं ठाऊक होतं. पिटू दे, असं म्हणून त्यांनी चॉकलेटाचा डबा फोडला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोपटराव मागच्या दारानं आले. हातात टोपी. बराच वेळ पावसावर बोलले, मग रस्त्याच्या खड्ड्यांवर.

"काय काम होतं भावजी?"

"नवमीला आमच्या मंडळीचं, राधाचं पान असतंय. तीन वर्सं झाली, कावळा फिरकत नाय. दोन-दोन वाजत्यात. मला शुगर हाय वैनी, चक्कर येती." त्यांनी टोपी उलटी केली, सुलटी केली. "ते दोघं... नवमीला घरी असतील का?"

आनंदीबाईंनी चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू दिली नाही. "मला काय विचारता? वर जावा. चपला इथंच काढा आणि आपल्या तोंडानं बोलावणं करा."

"मला इंग्लिश कुठं येतंय?"

"मला तरी कुठं येतंय? चालतंय माझं."

पोपटराव अनवाणी वर गेले. दार वाजलं, थोडं हसणं ऐकू आलं, मग पोपटरावांचा अजिजीचा आवाज. दहा मिनिटांनी ते उतरले ते पडलेल्या चेहऱ्यानं.

"काय, नाही म्हणाले?"

"येतो म्हणाले. पण रामदास सकाळीच येऊन गेला. त्याच्या आईचंबी नवमीलाच, एक वाजता ठरलंय. मला अडीचची वेळ दिली."

"मग अडीचला मांडा," आनंदीबाई म्हणाल्या. "वरणाला तिखट बेतानं घाला. आणि रामदासकडून जेवून येणारेत म्हणून वाढताना हात आखडू नका."