गोविंदभाऊंचं 'या हप्त्याचं आकाश'

आमच्या ऊर्जानगरात वीज केंद्राच्या धुरामुळे आकाश दिसत नाही, असं कोणी म्हटलं की गोविंदभाऊ चिडत नाहीत. चष्मा पुसतात आणि म्हणतात, "दिसत नाई म्हंजे नाई, असं नाई."

वीज केंद्राच्या कोळसा विभागात ते माझ्यासोबत होते आणि राहायचे माझ्या खालच्या क्वार्टरमध्ये. आमच्या जिन्याखाली एक फळा आहे. इतर इमारतींत तिथे पाणी बंद असल्याची सूचना असते, आमच्याकडे दर सोमवारी 'या हप्त्याचं आकाश' असायचं. कोणता ग्रह कुठे, याच आठवड्यात पूर्वी अंतराळात कोण गेलं, आणि तळाशी प्रामाणिकपणे 'पंचांग व पेपरावरून'. वाळत घातलेल्या कपड्यांवर संध्याकाळपर्यंत राख बसते, अशा ठिकाणी हा माणूस शनीचा पत्ता सांगतो, याची मी मनसोक्त चेष्टा करायचो.

त्या वर्षी पाडव्याच्या आठवड्यात फळ्यावर होतं: पहाटे पूर्वेला शुक्र, मंगळ, शनी जवळजवळ. चौऱ्याऐंशी साली याच हप्त्यात आपला पहिला माणूस अंतराळात. पाडव्याले सांजेले कोवळी चंद्रकोर.

पहिल्या पाळीला जाताना मी तीन दिवस तांबडा मंगळ मनोभावे पाहिला. चौथ्या दिवशी भाऊंना अभिमानानं दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तो चिमणीवरचा दिवा आहे, भाऊ. पण तुम्ही वर पाह्यलं, हे चांगलं केलं."

स्वतः पाहिलेलं फळ्यावर काहीच नसतं, हे त्यांना फार लागायचं. रिटायर होऊन क्वार्टर सोडण्याआधी एकदा तरी ते लिहायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. दोन महिने उरले होते.

पाडव्याला अंधार पडता पडता आम्ही गच्चीवर चंद्रकोर शोधत होतो. भाऊ थोडं थांबून खाली गेले. चंद्रकोर काही सापडली नाही, पण आकाशातून पेटत्या दिव्यांची एक रांग सावकाश सरकत गेली. परदेशी रॉकेटचे तुकडे असावेत, असं दुसऱ्या दिवशी कळलं. सिंदेवाहीकडे तर धातूचं भलंमोठं कडं पडलं होतं. शेजाऱ्यांनी भाऊंनाच धारेवर धरलं, एवढं मोठं फळ्यावर काऊन नाई लिवलं? भाऊ म्हणाले, मी बाथरूममध्ये होतो, मीच पाह्यलं नाई.

ते खोटं होतं. त्याच दिवशी संध्याकाळी पुरणपोळीचा डबा परत द्यायला मी त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या पत्नी शालिनीवहिनी दोन वर्षांपासून लकव्यानं खाटेवर होत्या. बोलताना शब्द जुळवायला त्यांना वेळ लागायचा. खरं काय ते त्यांनीच सांगितलं. चंद्रकोर त्यांनाही दिसावी म्हणून भाऊ त्यांना दोन्ही हातांनी उचलून खिडकीशी बसवत होते. भाऊंची पाठ खिडकीकडे होती. वहिनींना दिवे दिसले, पण "ते पाहा" हे शब्द बाहेर पडेपर्यंत आकाश रिकामं झालं होतं. सांगता सांगता त्या रडू लागल्या.

भाऊ वही घेऊन स्टुलावर बसले होते. "रडून काऊन राह्यली? सांग ना, किती दिवे होते?"

त्या एकेक शब्द शोधत होत्या आणि ते घाई न करता थांबत होते. मला माझ्या चेष्टेची लाज वाटली.

सोमवारी फळ्यावर ग्रह नव्हते. लिहिलं होतं: पाडव्याले सांजेले सहा-सात दिवे एका रांगेत. पुढचा मोठा. मागं पिवळी शेपटी. आणि तळाशी, 'पंचांग व पेपरावरून'च्या जागी: 'स्वतः पाहणारी, शालिनी.'