संपफोड्या कोनाले म्हनावं

पोटात भूक असूनही गुलाबभाऊंनी आमच्या घरचं वांग्याचं भरीत परत केलं. कारण त्यांच्या घरात संप चालू होता.

गुलाबभाऊ म्हणजे आमचे नागपूरचे शेजारी, कापड गिरणीत मागावर, त्यांच्या भाषेत साच्यावर, काम करणारे. त्यांनी घरात बिडी ओढणं सोडल्याशिवाय चूल पेटणार नाही, असं अनुसयावहिनींनी जाहीर केलं होतं. माझ्या बायकोला दया आली, तिनं ताट पाठवलं. गुलाबभाऊ ते ताट घेऊन आमच्या दारात आले.

"वहिनी, वास तं मस्त येऊन राह्यला. पन तिचा संप चालू हाये. मी हे खाल्लं तं तुमी संपफोड्या ठरसान."

संध्याकाळी बिडी अंगणात गेली आणि चूल पेटली.

या शब्दाच्या बाबतीत ते फार कडक. आमचा दूधवाला तापानं आजारी होता, म्हणून त्याचा भाऊ दूध घालायला आला. मी गमतीनं त्याला संपफोड्या म्हटलं, तर गुलाबभाऊ दात घासता घासता कुंपणाशी आले.

"मास्तर, असं कोनालेही म्हनू नका गा! मानूस आजारी पडला अन् त्याच्या जागेवर दुसरा आला, तं तो बदली. मानूस हक्कासाठी बाहेर बसला अन् त्याच्या जागेवर दुसरा घुसला, तं तो संपफोड्या. जागा तीच, पन पाप वेगळं."

दूधवाल्याच्या भावाला त्यांनी स्वतः चहा पाजला. "बदलीचा मान ठेवा लागते," म्हणाले.

त्या उन्हाळ्यात गिरणीतच संप झाला. मालकानं बाहेरगावची माणसं आत घेतली. गुलाबभाऊंच्या मागावर उमरेडचा देवराव नावाचा एक विणकर उभा राहिला. रोज पाळी सुटली की गुलाबभाऊ फाटकाशी त्याची वाट पाहत आणि तो दिसला की तो शब्द असा फेकत, की समोरच्या पानठेल्यावरची माणसं वळून बघत. देवराव मान खाली घालून निघून जाई.

एकदा मी शाळेतून येताना फाटकाशी थांबलो होतो. तेवढ्यात देवराव बाहेर आला तो डोळ्यावर फडकं दाबूनच. मागावरून आडवं सूत नेणारा धोटा उडून त्याला लागला होता. फडकं रक्तानं भिजलं होतं. भिंत चाचपडत तो चार पावलं चालला आणि शुद्ध हरपून खाली घसरला. संपावरचं कोणीच हललं नाही.

गुलाबभाऊंनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता तो शब्द येणार. पण त्यांनी रिक्षावाल्याला हाक मारली.

"गुलाब्या, काहून बे? तूही फुटला का?" मागून कोणीतरी ओरडलं.

"मी त्याले रिक्षात बसवून राह्यलो, साच्यावर नाई!" गुलाबभाऊ उलट ओरडले आणि देवरावाच्या बगलेत हात घालून त्याला उचलून निघाले.

दुसऱ्या दिवशी अनुसयावहिनींनी दिलेला डबा घेऊन मी दवाखान्यात गेलो. डोळा वाचला होता, पण डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून ठेवली होती. उमरेडच्या एसटी ड्रायव्हरबरोबर गुलाबभाऊंनी देवरावाच्या घरी निरोप धाडला होता. अजून कोणी आलं नव्हतं. खाटेवर बसून गुलाबभाऊ भाकरीचा घास वरणात बुडवून देवरावाच्या तोंडाशी धरत होते. फाटकावरचा तो आवाज त्यांनी इतका खाली आणला होता, की मलाही ओळखू येईना.

"दादा, तुमी कोन आहा?" देवरावानं विचारलं.

"इथंच राह्यतो. जेव."

घास गिळून देवराव म्हणाला, "ज्याच्या साच्यावर मी उभा राह्यलो ना, तो रोज फाटकावर येते. पट्टी सुटली की त्याचे पाय धरीन म्हन्तो. घरी लेकरं उपाशी होते, दादा. त्याले सांगीन."

गुलाबभाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि पटकन खिडकीकडे तोंड फिरवलं.

"त्याच्या नादी लागू नको," ते म्हणाले. "लय कटकट्या मानूस हाये तो. तू आ कर."