कपाटावरचा मुद्दा

लेकीची नोकरीची मुलाखत अकराला होती आणि सव्वादहाला पडद्यावर मैत्रिणीचा चेहरा गोठला. चाचणी म्हणून दोघी बोलत होत्या. मैत्रिणीचे तोंड उघडे, एक डोळा अर्धा मिटलेला, आणि आवाज मागाहून सावकाश येत होता.

"बाबा, ते राउटरचं खोकं कपाटावरून खाली काढा ना," लेक म्हणाली. "शेवटची फेरी आहे माझी. यात अडकलं की गेलीच नोकरी."

"काढायचं काही कारण नाही," ग्रंथपाल म्हणाले. "उंचावर आहे ते."

ग्रंथपालांना निवृत्त होऊन सहा वर्षे झाली होती, पण गल्लीत अजून सगळे त्यांना ग्रंथपालच म्हणत. माणूस कमालीचा भिडस्त. वाचनालयात कुणी मोठ्याने बोलले, तर ते त्याला रागावत नसत. 'शांतता राखा'ची पाटी उचलून गुपचूप त्याच्यासमोर नेऊन ठेवत. असे हे ग्रंथपाल वर्षापूर्वी घरगुती इंटरनेटबद्दलच्या एका चर्चागटात शिरले, 'शांतिप्रिय' असे नाव घेतले, आणि तिथे त्यांना कंठ फुटला. उत्तरांचे कच्चे खर्डे ते वाचनालयातल्या जुन्या कार्डांच्या पाठीवर लिहीत आणि मुद्द्यांना क्रमांक देत.

सध्याच्या वादाचा हा चौथा दिवस. राउटर कुठे ठेवावा, एवढाच विषय. शांतिप्रियांचे म्हणणे, लोखंडी कपाटावर. दिवा उंच टांगला की उजेड सगळीकडे पडतो. 'नवशिक्या' नावाच्या कुणीतरी अदबीने लिहिले होते, 'लोखंडाने सिग्नल अडतो असं ऐकलंय. घराच्या मध्यावर, लाकडी स्टुलावर ठेवून पाहिलंत का?' त्यावर शांतिप्रियांनी सात मुद्दे काढले, संदर्भ मागितले, आणि पुरावा म्हणून आपल्या कपाटावरच्या राउटरचा फोटो टाकला. फोटोला एकोणीस अंगठे मिळाले. एकोणीस माणसांनी एकदम शाबासकी देण्याची त्यांच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

आता तो राउटर कोणत्या तोंडाने खाली काढायचा?

"मोबाइलच्या नेटवर नाही का होणार?" त्यांनी विचारून पाहिले.

"मोबाइलला घरात रेंज नाही म्हणून तर हे खोकं घेतलं," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि काढायला काय होतंय? तुमचा फोटो लावलाय का तिथे?"

"तिथे नाही. गटावर."

मग त्यांनी राउटर बंद करून चालू केला. पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. कपाट झोपायच्या खोलीत होते, म्हणून लेकीचे टेबल त्या खोलीच्या दाराशी सरकवले. आत घ्यावे, तर पुस्तकांच्या थप्प्यांमुळे खुर्चीला जागा नव्हती. साडेदहा झाले. ग्रंथपाल दोन खोल्यांमधून येरझाऱ्या घालत होते, आणि अचानक थांबले.

"राउटरची जागा बरोबरच आहे," ते म्हणाले. "कपाट चुकीच्या खोलीत आहे."

बायको हातातला झारा घेऊन दारात आली. "म्हणजे खोकं हलवणार नाही. कपाट हलवणार."

"तत्त्वाला धक्का न लावता."

"आणि कपाटाला कोण लावणार?"

तिघांनी लावला. टेबल बाजूला सारले; ग्रंथपाल आतून ढकलत होते, मायलेकी बाहेरून ओढत होत्या. कपाटात कपडे कमी आणि पुस्तके जास्त. दारात आल्यावर ते जरा तिरके झाले, चौकटीत घट्ट रुतले, आणि पुढेही जाईना, मागेही येईना. राउटर मात्र दोन्ही वायरी ताणत पुढे घसरला. बायकोने झारा टाकून तो वरच्या वर झेलला.

"तसाच धर," कपाटामागून आवाज आला. "उंच."

"मुलाखत संपेपर्यंत? हात आहेत का खांब?" असे म्हणून तिने शेजारचे लाकडी स्टूल पायाने ओढले आणि राउटर त्यावर ठेवून दिला.

मिनिटभराने लेक पडद्यावरच्या मैत्रिणीकडे पाहत हळूच म्हणाली, "आई, हिच्या मागच्या भिंतीवरची पालसुद्धा दिसतेय."

"ऐकलंत का हो? लाकडी स्टूल आहे."

"तात्पुरतं आहे," आतून उत्तर आले.

अकराला मुलाखत सुरू झाली. ग्रंथपालांना आवाज न करण्याची ताकीद होती. ते पलंगावर बसले, उठले, पुन्हा बसले. फोनवर त्यांचा आठवा मुद्दा सकाळपासून गिरक्या घेत अडकला होता. पलंगावर उभे राहून त्यांनी फोन कपाटाच्या माथ्यावरून पलीकडे धरला, आणि मुद्दा सुर्रकन गेला: 'कपाटावर ठेवल्यापासून आमच्याकडे नेट एकदाही अडकलेलं नाही. आता तरी मान्य करा.'

 लगेच तीन अंगठेही आले.

पलीकडे लेकीला कुणीतरी विचारत होते, सहकाऱ्याशी मतभेद झाला तर काय कराल?

"घरी सराव आहे," लेक म्हणाली. पलीकडची माणसे हसली. "मी जरा वेळ देते. माणसाला आपलं चुकलेलं कळलेलं असतं. परत यायला वाट हवी असते, एवढंच."

ग्रंथपालांनी दाराकडे पाहिले. वाटेत कपाट होते.

तेवढ्यात फोन थरथरला. नवशिक्याचे उत्तर होते. 'चार दिवस विचार केला. तुम्ही इतक्या खात्रीने सांगता, म्हणजे माझंच चुकत असणार. स्टुलावरून काढून आत्ताच कपाटावर ठेवतो. बाराला नातवाशी व्हिडिओवर बोलायचं असतं, आठवड्यातून एकदाच जमतं. वेळेवर सांगितलंत, आभारी आहे.'

ग्रंथपालांनी फोन पुन्हा कपाटाच्या माथ्याशी धरला. खर्डा न करता त्यांनी लिहिले, सगळ्या गटासमोर, फक्त सवयीने क्रमांक पडले. 'मुद्दा एक: माझं चुकलं. मुद्दा दोन: माझा राउटर आत्ता लाकडी स्टुलावर आहे आणि उत्तम चालतोय. मुद्दा तीन: नवशिक्या, कृपा करून कपाटावर ठेवू नका.'

अंगठे येऊ लागले. वीस, तीस, एकेचाळीस. इतके त्यांना कधीच मिळाले नव्हते. वाचणाऱ्यांची यादी लांबत चालली. त्यात नवशिक्या नव्हता. त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका विझला होता. ग्रंथपाल पलंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारू लागले. साडेअकरा. पावणेबारा.

"बाबा, झाली," लेक कपाटाच्या फटीतून म्हणाली. "एकदाही अडकलं नाही. पुढच्या सोमवारपासून याल का, म्हणून विचारलं."

"छान. फार छान," ग्रंथपाल फोनवरची नजर न काढता म्हणाले.

"कपाट आत ढकलू का आता?" बायकोने विचारले.

"थांब जरा."

"अजून कुणाशी भांडताय?"

"भांडत नाहीये. माझं चुकलं म्हणून लिहिलंय."

 मग बायको जरा मऊ आवाजात म्हणाली, "मग झालं की."

"पोचत नाहीये."

"का?"

"त्यांनी कपाटावर ठेवलाय."