खांबेट्यांसमोर ‘अंदाजे’ म्हणू नये

खांबेट्यांसमोर ‘अंदाजे’ हा शब्द उच्चारायचा नाही. उच्चारलात तर ते गळ्यातलं स्टॉपवॉच हातात घेतात आणि असं बघतात, की आपण चपलांसकट देवघरात शिरलोय असं वाटावं. “अंदाज मंडईत. इथे आकडा सांगा.”

आमचा वॉचमन एकदा ‘दोन मिनिटांत आलो’ म्हणून चहाला गेला. परतला तेव्हा खांबेटे दारातच उभे. “अकरा मिनिटं चाळीस सेकंद. दोन कुठल्या देशातली?” मी रोज नऊला कामावर येते, अशी माझी समजूत होती. खांबेट्यांनी महिनाभर टिपून ठेवलं आणि सांगितलं, “अहो मॅडम, आपण नऊ वाजून सहा मिनिटांनी येता. नऊला आपला फक्त विचार येत असेल.” एका सहकाऱ्याचे वडील गेले म्हणून आम्ही भेटायला गेलो. “पहाटे गेले हो,” असं तो रडवेल्या आवाजात म्हणाला, तर हे विचारतात, “पहाटे म्हणजे किती वाजता?” मी मागून त्यांचा शर्ट ओढला.

माणूस फिजिओथेरपिस्ट. विश्रांतवाडीत एका इस्पितळाच्या मागच्या दोन खोल्यांत आमचं स्नायूंच्या आजारांवरचं संशोधन चालतं. डॉक्टरीणबाई निदान करतात, खांबेटे मोजतात आणि मधल्या पडद्याअलीकडे बसून मी कॉम्प्युटरवर आकडे चढवते. दर सहा महिन्यांनी पेशंट येतो, जमिनीवरून उठून दाखवतो, चार लाकडी पायऱ्या चढतो, पकडीची ताकद मोजणारं यंत्र मुठीत दाबतो. औषध आमच्याकडे नाही. उद्या कधी निघालंच तर ते लागू पडतंय की नाही, हे कळायला हे आकडे लागतील, असं बाई सांगतात. सात वर्षं मी आकडे चढवतेय आणि एकूण एक आकडा वाईटाकडे जाताना बघतेय. कशासाठी करतो हे सगळं, असं हल्ली रोज वाटतं.

यास्मिन आमच्याकडे आली तेव्हा चोवीस वर्षांची होती. येरवड्यात तिसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही. लग्नघरी मेंदी काढायला जायची. मांड्यांमधली ताकद कमी होत चालली होती, आणि त्याचं निदान व्हायला चार वर्षं गेली. एका डॉक्टरने कॅल्शियम दिलं, दुसऱ्याने आळस झटका म्हटलं, तिसऱ्याने लग्न करून टाका म्हणून सुचवलं. आजाराचं खरं नाव कळलं त्या दिवशी तिचे वडील रफिकभाई पेढे घेऊन आले होते. निदान झालं म्हणजे उपचार आलाच, असं त्यांना वाटलं. तो पेढा मला गिळवला नाही.

गेल्या पावसाळ्यात रफिकभाई एकटेच आले. यास्मिन जिन्यावरून पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं. या आजारात माणूस असा अंथरुणाला खिळला, की पाय बहुधा परत मिळत नाहीत.

“तळमजल्याची खोली बघून ठेवली होती,” ते म्हणाले. “पण खांबेटे सर म्हणाले, मागच्यापेक्षा बरं आहे. तीही म्हणाली, अब्बा, मग कशाला घर सोडायचं? म्हणून थांबलो.”

ते गेल्यावर मी तिचा कागद काढला. पायऱ्यांना आधी सहा सेकंद, नंतर आठ. बरं कुठलं? चांगलंच खालावलं होतं. मग आठवलं, की ‘मागच्यापेक्षा बरं’ हे शब्द मी पडद्यापलीकडून कितीदा तरी ऐकले होते, जवळजवळ प्रत्येक पेशंटला म्हटलेले. कान तिकडे आणि बोटं आकड्यांवर. दोन्हींचा मेळ मी कधी घातलाच नाही. माझंही चुकलंच.

मी कागद खांबेट्यांपुढे धरला.

“चढून झालं की माणसं घड्याळाकडे बघत नाहीत हो,” ते म्हणाले. “माझ्या तोंडाकडे बघतात. काहीतरी म्हणावं लागतं.” मग हळूच, “कागदावर मी कधी खोटं लिहिलेलं नाही.”

“कागदाला कुठे जिना चढायचा होता?” मी म्हणाले. इतकं लागेल असं मी त्याआधी कुणाला बोलले नव्हते.

त्यानंतर पडद्यापलीकडून नुसते आकडे ऐकू येऊ लागले, ‘मागच्यापेक्षा बरं’ नाही. वॉचमन तासभर चहाला गेला तरी खांबेटे त्याला काही विचारत नसत.

परवा यास्मिन आली, व्हीलचेअरवर; खुर्ची आत घ्यायला मी पडदा अर्धा सारला, तो तसाच राहिला. आता ते तळमजल्यावर राहतात. रफिकभाई फाइल आणायला बाहेर गेले तेव्हा खांबेटे तिच्यासमोर उभे राहिले. “माझं चुकलं,” एवढंच म्हणाले. उठणं आणि पायऱ्या, दोन्ही रकान्यांत त्यांनी ‘जमत नाही’ असं लिहिलं. मग यंत्र तिच्या मुठीत दिलं.

“किती?” तिने विचारलं.

“अकरा पॉइंट दोन. मागच्या वेळी चौदा होतं.”

“म्हणजे मेंदीचा कोन फार दिवस धरता येणार नाही.”

“नाही.”

ती आपल्या तळहाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, “सर, मी पडले त्याचा दोष अब्बा स्वतःला देतात. नीट जेवतसुद्धा नाहीत. त्यांना मात्र पूर्वीसारखंच सांगा.”

“ते मी बंद केलंय.”

“हातांना जिना चढायचा नसतो, सर.”

इतक्यात रफिकभाई फाइल घेऊन आत आले. खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, “हात कसे आहेत तिचे?”

मोजायला काही उरलेलं नव्हतं, तरी खांबेट्यांनी स्टॉपवॉच मुठीत धरलं. रफिकभाई त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

“अंदाजे,” खांबेटे म्हणाले, “मागच्याइतकेच.”

“अल्ला मेहरबान,” रफिकभाई म्हणाले आणि किती तरी दिवसांनी हसले. मला रडू फुटलं. पडद्याअलीकडे बसून मी अकरा पॉइंट दोन चढवलं.