मोजपट्टीच्या जागी मी

उडणारी कुठलीही वस्तू मी शिवू शकते, असं तरुणपणी मी आमच्या ह्यांना ठणकावून सांगितलं होतं. हे उत्खनन करणारे. एका जुन्या गावाच्या भिंती ह्यांनी मातीतून वर काढल्या होत्या, पण दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कामात त्या कायमच्या बुजणार होत्या. त्याआधी वरून एक फोटो हवा होता. विमान कोण देणार? मग मी बैठकीचा पडदा कापून दाराएवढा पतंग शिवला! त्याच्या दोरीला ह्यांनी कॅमेरा टांगला. बटणावर ताणलेलं रबर आणि मधे बर्फाचा खडा. बर्फ वितळला की रबर बटण दाबणार. खटॅक!

"फोटोत पाऊलसुद्धा दिसता कामा नये," म्हणत ह्यांनी सकाळभर ती जमीन कुंच्याने झाडली. घरात कधी केर काढला नव्हता हो या माणसाने!

"दोरी तू धर. वजन तुझं जास्त."

"अहो, हळू! मजूर ऐकतायत."

पडदा भलताच गुणी निघाला. वर जाताच त्याने असा हिसका दिला की मी झाडलेल्या जमिनीवरून तरातरा धावत सुटले.

"अगं, तिकडे कुठे चाललीस?"

"मी कुठे जातेय? तुमचा कॅमेरा नेतोय!"

आणि गुडघाभर खोल खणलेल्या खोलीत मी धप्पकन उताणी! पतंग बरोबर डोक्यावर. हे धावत काठाशी आले. वाटलं, आता विचारतील, लागलं का गं?

"हलू नकोस! फोटो हलेल!"

वर खटॅक झालं. वारा पडला आणि पडदा माझ्या तोंडावर आला.

फोटो धुऊन आला. भिंती तळहातावरच्या रेषांसारख्या स्वच्छ, आणि मधोमध मी, पालीसारखी! हे कपाळ धरून बसले.

"मोजपट्टी ठेवायचीच राहिली! आता भिंती किती लांब, ते कसं कळणार?" मग फोटोतल्या माझ्याकडे बघत राहिले. "पडलीस मात्र अगदी सरळ हं."

अहवालात फोटो छापला. खाली ओळ होती, 'मापासाठी : पत्नी. उंची पाच फूट.'

"पाच फूट दोन!" मी उसळले. "लग्न ठरवताना बाबांनी सांगितलं नव्हतं?"

"अगं, मोजमापं घेणं हाच माझा धंदा. पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला चालत होते ते दोन इंच. भिंतींना नाही चालत."

आता हे नाहीत. फोटो समोर टांगलाय. मधे काय पडलंय, असं कुणी विचारलं की मी सांगते, मोजपट्टी आहे.

पाच फूट दोन इंचांची!