खातेधारक सध्या उपलब्ध नाहीत

जगातल्या सगळ्या वस्तू दोनच प्रकारांत मोडतात : एकदाच घ्यायच्या आणि पुन्हापुन्हा घेत राहायच्या. दूध दुसऱ्या प्रकारात येतं, थडग्यावरचा दगड पहिल्या. कार्यालयीन सॉफ्टवेअर कुठल्या प्रकारात येतं यावर मानवजातीचं अजून एकमत झालेलं नाही. आमच्या दुकानापुरता हा प्रश्न १७ ऑक्टोबर २०२४ रोजी, गुरुवारी, सकाळी साडेदहा ते बाराच्या दरम्यान दोन विरुद्ध एक अशा बहुमताने कायमचा मिटला.

दुकान व्हरमाँटमधल्या बॅरी गावात आहे. इथे डोंगरातून ग्रॅनाइट निघतो आणि गावातली निम्मी माणसं त्यावर उरलेल्या निम्म्यांची नावं कोरतात. पाटी ‘बर्टोक्की आणि कन्या’ अशी आहे. बर्टोक्की म्हणजे माझे वडील, रेमो. कन्या म्हणजे मी, लिव्हिया. तिसरा डग मॅकअस्किल, अक्षरं कोरणारा. त्याचं नाव पाटीवर नाही, कारण पाटी कोरली तेव्हा तो सुट्टीवर होता, आणि कोरलेल्या दगडात नंतर भर घालणं हे आमच्या धंद्यात फक्त एकाच कारणासाठी करतात.

ते कारण म्हणजे जोडदगड. नवरा-बायकोपैकी एक आधी जातं. दगडाच्या डाव्या बाजूला त्याची दोन्ही सालं कोरतात, उजव्या बाजूला मागे राहिलेल्याचं नाव, जन्मसाल आणि एक आडवी रेघ. रेघेपुढे चार आकड्यांची जागा मोकळी सोडतात. आमच्या नोंदींनुसार ती जागा भरायला सरासरी साडेअकरा वर्षं लागतात. माझ्या आईचा, क्लोडेटचा, दगड २००९ साली बसला. त्याची उजवी बाजू पप्पांनी स्वतः आखली होती आणि दर रविवारी तिथे जाऊन ती ते समाधानाने बघत. (धंद्यातल्या माणसाला अर्धवट काम बघून समाधान वाटण्याचं हे एकमेव उदाहरण माझ्या पाहण्यात आहे.)

दुकानाचे नियम नऊ. त्यांतला सातवा महत्त्वाचा : दगडावरचा पूर्ण मजकूर घरच्या माणसाने कोरणाऱ्यासमोर मोठ्याने वाचायचा. कोरणाऱ्याने ‘बरोबर?’ असं विचारायचं. घरच्याने ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय दगडाला हात लावायचा नाही. डोळे चूक माफ करतात, जीभ अडखळते, असं पप्पांचं मत. १९८७ साली चुकीचं साल कोरून आम्ही एका सुताराला त्याच्या लग्नाच्या अकरा वर्षं आधीच मारलं होतं. बायकोला ते चालणार होतं, मुलांनी हरकत घेतली. त्यानंतर हा नियम आला. मी तो शेकडो कुटुंबांना समजावून सांगितला आहे. माणसं बहुधा नावाशी नाही, सालाशी थांबतात. तेव्हा पाणी द्यायचं असतं. पाण्याचा जग माझ्या टेबलावर असतो.

आता सॉफ्टवेअर. पप्पांनी ते २००३ साली खोक्यातून घेतलं होतं : एक चकती, एक पुस्तिका आणि पंचवीस अक्षरांची किल्ली. परवाना एकरकमी, मुदत नाही. वस्तू एकदाच घेतली आहे म्हटल्यावर ती प्रत्येक कामाला वापरली पाहिजे, या न्यायाने ते पत्रं लिहायच्या त्या प्रोग्रॅममध्येच दगडाचे आराखडेही करत. पानावर तक्ता काढायचा आणि त्याच्या एकेका चौकटीत एकेक अक्षर बसवायचं. यासाठी वेगळे प्रोग्रॅम मिळतात, हे त्यांना एकवीस वर्षं सांगण्यात आलं.

मी अकरा पानांची तुलनात्मक टिपणी तयार केली. एकरकमी परवान्याच्या बाजूने एक मुद्दा निघाला (आहे ते चालू आहे), वर्गणीच्या बाजूने चौदा. त्यांतला पहिला, सॉफ्टवेअर नेहमी ताजं राहतं.

“ताजं राहायला ती काय मासळी आहे?” पप्पा म्हणाले. हा आक्षेप इतिवृत्तात नोंदवला.

कंपनीची प्रतिनिधी पडद्यावर आली. टॅमरिन नावाची गोड मुलगी, हुद्दा ग्राहक-यश अधिकारी. पप्पांनी तिला एकच प्रश्न विचारला : वर्गणी बंद पडली तर काय होतं? ती म्हणाली की फायली तुमच्याच राहतील, उघडतील, वाचता येतील. फक्त त्यांत काही बदलता येणार नाही. याला वाचनापुरती अवस्था म्हणतात.

पप्पांनी खिडकीतून टेकडीवरच्या दफनभूमीकडे बघितलं. “आमची सगळी गिऱ्हाइकं त्याच अवस्थेत आहेत, पोरी,” ते म्हणाले.

मग मतदान झालं. डगने जेवणाच्या सुट्टीआधी जे संपेल त्याला मत दिलं. पप्पा हरले.

“तू चुकतेयस, लिव्ही.”

“पप्पा, हट्ट सोड आता. कायमचं असं काही नसतं.”

“मग आपण काय विकतो गं?”

मी इतिवृत्त बंद केलं.

अर्जाच्या नियमाप्रमाणे खातं दुकानाच्या मालकाच्या नावाने उघडावं लागतं, त्यामुळे खातेधारक पप्पा झाले. ‘मला मान्य आहे’ हे बटण दाबण्याआधी त्यांनी त्यावरच्या अटी वाचायला घेतल्या. अठ्ठेचाळीस पानं. चार वाजले. असं करणारा तो माणूस बहुधा या खंडावरचा पहिलाच. चष्मा काढून ते म्हणाले, “हे मोठ्याने वाचायचा नियम असता तर एकानेही सही केली नसती.” मग बटण दाबलं, उरलेला डोनट खाल्ला, डगला ‘उद्या कोपऱ्यातला तो राखाडी दगड आधी घे’ असं सांगितलं आणि घरी गेले.

शुक्रवारी सकाळी गॅरेजमध्ये बूट चढवताना ते पायरीवर बसले. एक बूट पायात होता, दुसरा हातात. डॉक्टरांनी कागदावर सात वाजून दहा मिनिटं ही वेळ लिहिली. तेव्हापासून खातेधारक उपलब्ध नाहीत.

पुढच्या सगळ्या गोष्टी मी रीतसर केल्या. एक नोव्हेंबरला त्यांचा फोन बंद केला. सोळा नोव्हेंबरला कंपनीने तीस दिवस पूर्ण झाल्याबद्दल अभिनंदन केलं आणि खातेधारकाने स्वतः ओळख पटवावी म्हणून सहा अंकी संकेत पाठवला, त्याच फोनवर. संकेत आला नाही, खातं वाचनापुरतं झालं. नव्या खात्यात हलवलेली आईच्या दगडाची फाइल उघडत होती. डाव्या बाजूला क्लोडेट, १९४९ ते २००९. उजव्या बाजूला रेमो, १९४६, रेघ, आणि चार रिकाम्या चौकटी. सगळं वाचता येत होतं.

मी कंपनीला एकूण सतरा वेळा फोन केला. खातेधारक बदलण्याच्या अर्जात कारणांची यादी असते : सुट्टीवर, नोकरी सोडली, विभाग बदलला, इतर. ‘इतर’ निवडलं की खुलासा लिहावा लागतो. मी ‘विभाग बदलला’ निवडलं. दोन दिवसांनी नव्या विभागाचं नाव विचारणारं पत्र आलं. टॅमरिनने एकदा आपणहून फोन केला आणि पप्पांशी दोन मिनिटं बोलता येईल का, असं अगदी अदबीने विचारलं. मी म्हटलं, ते सध्या उपलब्ध नाहीत. कधी असतील? सांगता येत नाही. तिने तशी नोंद केली.

इकडे थंडी वाढत होती. जागेवर आकडे कोरताना दगडाला रबराचा साचा चिकटवावा लागतो आणि पारा खाली गेला की तो चिकटत नाही. मग थेट एप्रिल. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या, आदल्या सोमवारी डग माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

त्याचं म्हणणं असं की चार आकडे आखायला त्याला संगणक लागत नाही, पेन्सिल लागते. मी म्हटलं, पप्पांनी आखलेली अक्षरं फाइलमध्ये आहेत, आकडे त्यांना जुळले पाहिजेत, आणि अर्ज विचाराधीन आहे.

“लिव्ही,” तो म्हणाला, “तुला ते आकडे भरायचेच नाहीयेत.”

मी म्हटलं, मी सतरा फोन केले आहेत.

“तेच म्हणतोय मी.”

मग त्याने मला मागच्या शेडमध्ये नेलं. ताडपत्रीखाली पप्पांचा जुना संगणक होता, जो मी भंगारात द्यायला सांगितला होता. गुरुवारीच, घरी जाताना, मालकांनी डगला सांगितलं होतं : दोन वर्षं झाकून ठेव, तिचं बरोबर निघालं तर फेकून दे, तिला कळू देऊ नकोस. डगने बटण दाबलं. पंख्यातून ग्रॅनाइटची धूळ उडाली, यंत्र कण्हलं आणि सुरू झालं. त्याने ओळख मागितली नाही, संकेत मागितला नाही, माझं अभिनंदन केलं नाही. फाइल उघडली, आणि रेघेपुढच्या पहिल्या रिकाम्या चौकटीत कर्सरची ती उभी काडी लुकलुकायला लागली.

इथे तांत्रिक अडचण उरली नव्हती, ही त्यातली अडचण.

तुलनात्मक टिपणीत आता एक दुरुस्ती करणं माझं कर्तव्य आहे. वाचकहो, वर्गणी घ्या किंवा एकरकमी घ्या. दोन्हींच्या अटी तुम्ही न वाचता मान्य केलेल्या आहेत, आणि कुठल्या तरी दगडावर तुमचीही उजवी बाजू कोणीतरी मोकळी सोडली आहे. ती फाइल कुठे आहे, कोणाच्या नावावर आहे, आणि ती मोठ्याने कोण वाचणार आहे, एवढं आजच विचारून ठेवा. सरासरी साडेअकरा वर्षं आहे. सरासरीवर विसंबू नका.

मी चार आकडे टाइप केले. ‘बदल जतन करायचे का?’ असं यंत्राने विचारलं. हो. डगने टोपी काढली आणि नियम सातप्रमाणे समोर उभा राहिला. पाण्याचा जग त्याने आधीच आणून ठेवला होता.

“क्लोडेट बर्टोक्की,” मी वाचलं. “एकोणीसशे एकोणपन्नास ते दोन हजार नऊ. रेमो बर्टोक्की. एकोणीसशे सेहेचाळीस ते.”

डगने पाणी पुढे केलं. घाई करायची नाही, हेही नियमात आहे.

“ते दोन हजार चोवीस.”

“बरोबर?” त्याने विचारलं.

“बरोबर,” मी म्हटलं. “पप्पा गेले, डग.”