चालू पेटीतली डिस्क उपटणारे मनोहरभाऊ

दर सोमवारी अकराच्या ठोक्याला मनोहरभाऊ आमच्या गडचिरोलीच्या ऑफिसातल्या चालू सर्व्हरमधून एक डिस्क उपटून बाहेर काढायचे. बिघडलेली नव्हे हो, चांगली धडधाकट!

त्या पेटीत पाच डिस्क. एखादी मेली तर बाकीच्या चौघी तिचं काम ओढतात, अशी सोय. कंपनीच्या माणसाने तसं सांगितलं होतं. पण नुसत्या सांगण्यावर विश्वास ठेवतील ते मनोहरभाऊ कसले! लाल दिवा लागायचा, पेटी कोकलायची, आमचे साहेब कपाळाला हात लावायचे, आणि हे हातात डिस्क घेऊन शांतपणे मला विचारायचे, "बाई, सातबारा खुलून राह्यला ना?"

खुलायचा.

"मंग! मारून पाह्यल्याशिवाय समजत नाई." मग डिस्क परत बसवायची, आणि ती बाकीच्यांकडून सगळं पुन्हा शिकेपर्यंत तिच्यापाशी स्टूल टाकून बसायचं.

खिशात दोन पेनं. दोन्ही रोज सकाळी कागदावर गिरवून बघायचे. मार्कंड्याच्या जत्रेला आम्ही ऑफिसचे सगळे एसटीने निघालो, तर यांनी ड्रायव्हरला आधी स्टेपनी दाखवायला लावली. तिच्यात हवाच नव्हती! भरलेली बस तासभर उभी. मी चांगलीच भडकले होते.

एका सोमवारी मात्र भाऊ आलेच नाहीत. सर्व्हरच्या खोलीची चावी त्यांच्या खिशात, म्हणून दुपारी मी तणतणत त्यांच्या घरी निघाले. तर भाऊ घरासमोरच्या शिंप्याच्या दुकानात, कापडाच्या गठ्ठ्याआड लपून आपल्याच दाराकडे बघत बसलेले.

"काऊन भाऊ, इथी काय करून राह्यले?"

"हळू बोला, बाई. विनू पाहीन."

विनू त्यांचा धाकटा भाऊ. वय चाळिशीचं, समज सहा वर्षांच्या पोराची. आई मागच्या साली गेली, तेव्हापासून भाऊच त्याला दोन्ही वेळा भरवत.

"भात-वरन करून सकाळीच निघालो. माह्या मागं जेवते का नाई, पाहून राह्यलो. मी का जन्माले पुरतो त्याले?"

दार उघडंच होतं. विनूने दोन ताटं वाढली होती आणि एकालाही हात न लावता तो नुसता बसला होता. मला राहवलं नाही. सरळ आत गेले आणि दुसऱ्या ताटासमोर बसले.

"ते दादाचं," विनू म्हणाला. ताट उचलून त्याने झाकून ठेवलं. मग फळीवरून तिसरं ताट काढलं, मला भात वाढला, आणि माझ्याकडे बघत जेवायला लागला. आपल्या हाताने.

मी तिथूनच ओरडले, "भाऊ, जेवून राह्यला तो!"

मनोहरभाऊ रस्ता ओलांडून आले, उंबऱ्यावरच बसले आणि ढसाढसा रडले.

"जेवला ना माह्याबिगर," ते म्हणाले. "मले वाटलं होतं, बरं वाटन."